काकू, त्या गोणपाटाच्या एका धाग्यासाठी तुमचे आभार

काकू,

लग्नाला तीन आठवडे झाले तरी मला अजून नखात भुसा असल्यासारखं वाटतं. समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, आधी ती घोडी धर त्या बाजूने" म्हणून विषय बदलता (घोडी म्हणजे काम करताना फळी टेकवायचा लाकडी स्टँड), म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून टाकतेय, बघू कसा बदलता विषय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आम्हाला लग्न उघड्यावर करायचं होतं, शेताच्या कडेला मोकळं मैदान, बाजूला एक जुनं कोठार, १२० माणसं, आणि सगळं नैसर्गिक, म्हणजे लाकूड, ताग, काड, फुलं, सुती कापड, प्लास्टिकला बंदी. बोलायला फार सोपं असतं हे. मी दोनेकशे फोटो सेव्ह केले होते आणि काकूंच्या वर्कशॉपमध्ये, जिथे त्या जुनं फर्निचर दुरुस्त करतात, तिथे जाऊन एकामागून एक दाखवत सुटले होते. पाचव्या का सहाव्या फोटोला काकूंनी माझा फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "या बाकावर तू स्वतः पातळ कपडे घालून दोन तास बसशील?"

मी गप्प. कारण फोटोतल्या बाकाला चांगल्या बोटभर कुसळ्या होत्या.

"डोळ्याला खडबडीत चालतं गं, अंगाला नाही चालत." हे तुमचं वाक्य, काकू, आणि पुढचे दोन महिने आपण फक्त हेच केलं खरं तर. बाकाची बसायची बाजू, टेबलाची कड, जिथे जिथे हात मांडी कोपर लागणार तिथे आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, मग २२०, आणि कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा एकदाही नाही, कारण आडवे ओरखडे तेल लावलं की जास्तच उठून दिसतात. मी म्हटलं झालं गुळगुळीत. तुम्ही जुना नायलॉनचा पायमोजा माझ्या हातात चढवलात आणि म्हणालात फिरव. तीन ठिकाणी अडकला. परत घासलं. मग एका ठिकाणी अडकला. परत घासलं. आणि खालच्या बाजूला, पायांना, मागच्या फळीला मात्र तुम्ही मला हातसुद्धा लावू दिला नाही, करवतीच्या खुणा, खिळ्यांची भोकं, जुन्या गंजाचा काळपट डाग सगळं जसंच्या तसं. लोक त्या डागाचे फोटो काढत होते आणि बसत होते गुळगुळीत भागावर, मला जाम हसू येत होतं.

पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटींचं पण सांगायलाच हवं, कारण हल्ली जो तो फुकटची पॅलेट आणून टेबल बनवतोय. मी अकरा पॅलेट गोळा करून आणली तेव्हा मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही चष्मा लावून प्रत्येकावरचा शिक्का शोधत बसलात. परदेशात माल नेणाऱ्या पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलेलं असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं, कीड मरावी म्हणून, आणि एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबीवाली दोन बाजूला. तेलकट डागाची तीन बाजूला, "याच्यावर काय सांडलं होतं ते तुला माहितीय का? मलाही नाही." उरली सहा. त्या सहातनंच आपले बसके चौरंग झाले आणि ते पुरले की!

आता ती चिंधीची गोष्ट. मी लिहिणार नव्हते पण लिहिते, कुणाचं तरी घर वाचेल. फळ्यांना जवसाचं तेल लावून झालं आणि मी तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला आणि चहाला निघाले. तुमचा एवढा मोठा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं आणि ते होताना उष्णता निघते, चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते पण बोळा केला की आतच साठत जाते आणि कुणी काडी न लावता बोळा आपोआप पेटू शकतो. मला हे खरंच माहीत नव्हतं, आणि भुशाने भरलेल्या वर्कशॉपमध्ये मी तो बोळा ठेवून चालले होते. त्या दिवसापासून चिंध्या बाहेर तारेवर एकेक सुट्ट्या, नाहीतर पाण्याच्या डब्यात.

टेबलांचं गणित तुम्ही फळीच्या पाठीवरच मांडलंत, अजून आहे ते तिथे. माणशी ६० सेंटीमीटर, २४० ची फळी, म्हणजे एका बाजूला चार, दोन्हीकडे मिळून आठ, १२० भागिले आठ, पंधरा टेबलं. टेबलाची उंची ७५, बसायची ४५. मी जुन्या वेगवेगळ्या खुर्च्या मिसळायच्या म्हणत होते तर तुम्ही हो म्हणालात पण टेप घेऊन बसलात, रंग कितीही वेगळे असू देत पण बसायची उंची एक हवी, नाहीतर एकाची हनुवटी टेबलाला आणि शेजारच्याचे गुडघे. माझी लाडकी जुनी वेताची आरामखुर्ची याच कारणाने टेबलावरून हाकलली गेली आणि कोठाराच्या दाराशी गेली, आणि तिथे दिवसभर एकतरी दमलेलं माणूस बसलेलं होतंच. जुन्या दारांची टेबलं करायचा माझा हट्ट पण तुम्ही असाच शांतपणे मोडलात. दाराला खोलगट पॅनल असतात, ग्लास कडेवर ठेवला की कलंडणार, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासला तर धूळ पोटात जाते. दारं उभी केली, न घासता, फुलांच्या मागे. तिथेच ती शोभली.

गोणपाटाबद्दल मला वेगळं बोलायचंय.

आधी एका डेकोरेशनवाल्याकडून भाड्याने कापड मागवलं होतं, "शंभर टक्के नैसर्गिक ताग" असं सांगून दिलेलं, नाव घेत नाही. तुम्ही हातात घेतलंत, एक धागा ओढलात, चिमट्यात धरून काडी लावलीत. तागाचा धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटात चुरली की राख होते. हा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिएस्टर, वर तागाचं डिझाइन छापलेलं! मला रडू यायला लागलं होतं कारण चारच आठवडे उरले होते, आणि तुम्ही म्हणालात बरं झालं आत्ता कळलं, चल खरं आणू.

खरं आणलं तर त्याला रॉकेलसारखा वास. मी घाबरले, तर तो तेलाचा वास असतो म्हणे, ताग कातण्याआधी मऊ करायला खनिज तेलाचं मिश्रण लावतात. पाच दिवस दोरीवर वाऱ्याला टाकलं आणि वास बराचसा गेला. पण कापायचं कसं? मी पट्टी लावून खडूची रेघ मारून कापलेली पहिली पट्टी बघून तुम्ही काहीच बोलला नाहीत, ती नुसती टेबलावर पसरलीत, आणि ती वाकडीतिकडी निघाली, कारण कापडच तिरकं ओढलेलं होतं. मग तुम्ही दाखवलंत. कडेला एक छोटा काप द्यायचा, आडवा एकच धागा सुईच्या टोकाने उचलायचा आणि हळूहळू ओढत राहायचं, कापड गोळा होत जातं, ते बोटांनी पुढे सरकवायचं, परत ओढायचं, आणि तो धागा पूर्ण निघाला की कापडात एक सरळ रिकामी वाट दिसते, उजेडात धरली तर एकदम स्पष्ट, त्या वाटेवरून कात्री चालवायची. धागा मध्येच तुटला तर तुटल्या जागेवरून परत टोक शोधायचं. पंधरा टेबलांच्या पट्ट्या, प्रत्येकीला दोन बाजू, तीस धागे. आपण दोघी संध्याकाळी दिव्याखाली बसून ते ओढत होतो आणि तुम्ही तुमच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होतात, त्या मी इथे लिहीत नाही, काळजी नको. लग्नाच्या सगळ्या तयारीत मला आठवत राहील ती हीच संध्याकाळ.

बसायला काडाचे गठ्ठे ठेवायचे ठरलं तेव्हा मी वैरणीचे बुक करणार होते, स्वस्त मिळत होते. वैरण म्हणजे गवत, त्यात बी, फुलोरा, धूळ सगळं असतं, शिंका येणारे सगळे पाहुणे शिंकत बसले असते आणि वर ते गुरांचं खाणं. काड म्हणजे दाणे काढून झाल्यावर उरलेले पोकळ दांडे, पिवळे, हलके, कमी त्रासाचे. तरी टोचतातच, म्हणून जाड चादरी वरून. आणि गठ्ठे मेणबत्त्यांपासून लांब, हे तुम्ही तीनदा सांगितलंत.

मेणबत्त्यांवरून आठवलं. मी काचेच्या चाळीस बरण्यांना सुतळी गुंडाळली होती, सात रात्री जागून, प्रत्येकीला छान गाठ. तुम्ही कौतुक केलंत आणि मग विचारलंत यातल्या कितीत मेणबत्ती. वीस. त्या विसांची सुतळी आपण सोडली, काच तापते आणि तिला कोरडा ताग चिकटून, नको रे बाबा. त्या वीस उंच नुसत्या काचेच्या, तळाला वाळू, आणि सुतळीवाल्यांमध्ये फुलं. वरच्या दिव्यांच्या माळा सगळ्या २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या घेतल्या, पांढऱ्याशुभ्र दिव्यात लाकूड आजारी दिसतं हे तुम्ही आधीच एक बल्ब लावून दाखवलं होतंत.

फुलांमध्ये आपण देठ खोचायचा तो हिरवा फोम वापरला नाही, तो कुजत नाही, बारीक बारीक तुकडे होऊन मातीत राहतो. कोंबड्यांच्या जाळीची तार चुरगाळून भांड्यात बसवली आणि त्यात देठ रोवले, रात्रभर खोल बादलीत पाणी पिऊन आलेले, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकलेली. मधल्या सजावटीची उंची ३० सेंटीमीटरच्या आत, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. झालं, फुलांचं एवढंच, त्यात मी बरी आहे.

एक गोष्ट मी तुमचं न ऐकता केली आणि ती फसली. खाली ठेवायला ओंडक्याच्या गोल चकत्या हव्या होत्या, तुम्ही वाळलेलं लाकूड शोध म्हणालात, मी घाईत ताजं कापून घेतलं. दहा दिवसांत प्रत्येक चकतीला मध्यापासून कडेपर्यंत एक मोठी फट, केकचा तुकडा काढल्यासारखी. लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेने जास्त आक्रसतं, मध्यातून बाहेरच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मंच, मग चकतीला फाटण्यावाचून गत्यंतरच नसतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आणि तुम्ही "मी म्हटलं होतं ना" एकदाही म्हणाला नाहीत. उलट त्या फटींमध्ये नावांचे कागद खोचले. वारा सुटला तेव्हा बाकी सगळं उडालं, नावं जागेवर.

आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात, एक चक्कर मारलीत, आणि काढायला लागलात. पाट्या काढल्या, कंदील निम्मे काढले, फांद्यांच्या कमानीवरची अर्धी फुलं काढली. मी मनातनं चिडले होते, आता कबूल करते. मग तुम्ही मला मैदानाच्या टोकाला नेऊन उभं केलंत, ऊन उतरत होतं, आणि त्या कमानीच्या उघड्या फांद्यांमधनं मागचं शेत दिसायला लागलं होतं. फुलं होती तोवर ते झाकलेलं होतं. मी काही बोलले नाही, तुम्हीही नाही, तुम्ही फक्त खाली बसून टेबलाचा पाय बघायला लागलात, कारण जमीन ओली होती आणि पाय रुतत होता. पंधरा टेबलं, साठ पाय, प्रत्येकाखाली फळीचा तुकडा, जिथे डुगडुगलं तिथे पाचर. दोन पाचरी मी स्वतः तासल्या. एक बसली, एक नाही बसली.

थँक्यू काकू. साठही पायांसाठी, पायमोज्यासाठी, त्या ओरडण्यासाठी, आणि जे काढलंत त्यासाठी.

तो एक बाक आम्ही घरी आणलाय, दारापाशी ठेवलाय. त्याचा मागचा डावा पाय हलतो, सध्या घडी घातलेला कागद आहे खाली. ती न बसलेली पाचर मी परत तासलीय, आता बसेल असं वाटतंय पण ठोकली नाही. रविवारी या, येताना हातोडी आणा, आमच्याकडे नाहीये.

तुमची,
घोडी धरणारी