मार्गदर्शक मंडळात एकही दशावतारी का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकात आमच्या तालुक्यातील कला मंडळाच्या नव्या मार्गदर्शक मंडळाची बातमी अकरा जणांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली आहे. ती मी दोनदा वाचली आणि रात्री झोप न लागल्यामुळे आज सकाळी हे पत्र लिहावयास बसलो. दोन पतसंस्थांचे संचालक, एक ठेकेदार, एक हॉटेल व्यावसायिक, दोन माजी पदाधिकारी, एक डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी आणि मुंबईत स्थायिक झालेले तिघे, अशी ही अकरा माणसे आहेत. ही सर्व मंडळी सज्जन आहेत आणि त्यांतील दोघांनी माझ्या शाळेच्या इमारतीसाठी स्वतः फिरून वर्गणी जमवली होती, हे मी विसरलेलो नाही. परंतु ज्या मंडळाच्या घटनेत 'दशावतारी कलेचे जतन व संवर्धन' हा पहिला उद्देश लिहिलेला आहे, त्याला मार्ग दाखविणाऱ्या अकरा जणांत तोंडाला रंग लावलेला, झांज हातात धरलेला किंवा कंपनीच्या सामानाचा पेटारा वाहिलेला एकही माणूस नसावा, याचे मला अतिशय वाईट वाटते.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे आणि गेले चौदा हंगाम दशावतार या आमच्या कोकणातल्या लोकनाट्याच्या एका कंपनीत हार्मोनियमची साथ करतो. मार्गदर्शक नेमताना कलावंताला बाहेर ठेवले की काय होते, हे गेल्या वर्षीच्या महोत्सवात मी स्वतः पाहिले आहे.

आमच्या कंपनीला रात्री नऊची वेळ दिली होती. साडेसातलाच मंडळी रंगायला बसली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कंपनीचे प्रमुख, म्हणजे नाईक, आख्यान सांगतात, कोणी कोणती पार्टी म्हणजे भूमिका करायची ते ठरते, आणि संवाद ज्याचे त्याने उभ्या जागी रचायचे असतात. म्हणूनच रंगायला बसण्याची ती वेळ आमच्यासाठी तालमीची वेळ असते. सव्वाआठला सगळे तयार होते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्या रात्री पहिल्यांदाच गणपती करणार होता. त्याचा तो पहिला हंगाम होता आणि त्याची आई गावाहून येऊन पुढच्या रांगेत बसली होती.

नऊ वाजता सत्कार सुरू झाले. मार्गदर्शकांचे, देणगीदारांचे, पाहुण्यांचे आणि पाहुण्यांबरोबर आलेल्यांचेही सत्कार झाले. मग भाषणे झाली. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी अठराव्या शतकात दशावतार या भागात आणला असे परंपरेने मानले जाते. ती सर्व हकीकत एका वक्त्यांनी वीस मिनिटे सांगितली आणि त्या वेळी त्याच परंपरेतली चौदा माणसे पडद्यामागे ताटकळत उभी होती. गणपतीचा मुखवटा बांधलेला तो मुलगा बसूही शकत नव्हता, कारण सोंड दुमडली असती. घामाने त्याच्या गळ्यावरचा रंग ओघळून पितांबरावर उतरला, तेव्हा आमच्या स्त्री-पार्टीने, म्हणजे स्त्रीची भूमिका करणाऱ्या नटाने, आपल्या पदराने तो टिपला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एक पदाधिकारी मागे आले आणि म्हणाले, "बाराला स्पीकर बंद करायचे आहेत. तुम्ही सरळ युद्धापासून सुरू करा."

संपादक महाशय, आपण या जिल्ह्यातले आहात, त्यामुळे या वाक्याचा अर्थ आपणास समजावून सांगण्याची गरज नाही. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळविणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू हे सगळे वगळून आम्ही दशावतार करावा, असे आम्हाला सांगण्यात आले. हा सुरुवातीचा भाग म्हणजे आडदशावतार, आणि तो दशावताराचा पाया आहे. जत्रेत कितीही उशीर झाला, पालखी रेंगाळली, पाऊस आला, तरी तो थोडक्यात का होईना, झाल्यावाचून आख्यान उभे राहत नाही. मी चौदा वर्षांत गणपतीच्या स्तवनाशिवाय पेटीवर बोट ठेवलेले नव्हते. त्या मुलाने मुखवटा काढला आणि मला विचारले, "गुरुजी, मी काय करू आता?" चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिलेल्या माझ्यापाशी त्या रात्री उत्तर नव्हते. नाईकांनी पेटाऱ्याला हात जोडले, मी मनातल्या मनात स्तवन म्हटले आणि आम्ही युद्धापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बाजारात एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवून विचारले, "गणपती कित्याक नाय इलो?"

हा कोणा एका व्यक्तीचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. निरोप आणणाऱ्या गृहस्थांना आपण काय सांगत आहोत याची खरोखरच कल्पना नव्हती, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. त्या व्यासपीठावर एखादा जुना नाईक मार्गदर्शक म्हणून बसलेला असता, तर त्याने साडेनऊलाच उठून सत्कार थांबविले असते. पैसा उभा करणारी, परवानग्या आणणारी, मंत्रालयात ओळख असणारी माणसे संस्थेला हवीत, हे मला मान्य आहे. त्यांच्यावाचून महोत्सवाचा मांडवही उभा राहणार नाही. परंतु मांडव कोणी घालायचा आणि मांडवात काय व्हायचे, हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा निर्णय ज्यांना त्यातले कळते त्यांच्या हाती असला पाहिजे.

कलावंत बैठकांना येत नाहीत, असे उत्तर मला मंडळाकडून तोंडी मिळाले आहे. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात आणि मृगाच्या पावसापर्यंत आमच्या मंडळींच्या रात्री देवळांच्या सभामंडपात जातात. दहीकाला होऊन रंग उतरवेपर्यंत उजाडते. पुढचे गाव लांब असेल तर पहाटेच टेम्पोत पेटारा चढतो आणि झोप त्या टेम्पोतच होते. मंडळाची वार्षिक सभा मात्र जानेवारीतल्या रविवारी सकाळी अकरा वाजता ठेवली जाते. तीच सभा जुलैत ठेवून पाहावी. पावसाळ्यात हीच माणसे शेतातून येतील, पण येतील.

कलावंतांना संस्था चालविता येत नाही, हेही आम्ही वारंवार ऐकतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण उभे केले, चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या चित्रकथी कलेच्या जुन्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या तेथे जपल्या, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो गोठा पाहण्यासाठी लोक दुरून येतात. गंगावणे यांना मार्ग दाखवायला कोणी अकरा जण नेमावे लागले नव्हते.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या वृत्तपत्राविषयी आहे आणि ती आपण रागाने घेणार नाही अशी आशा करतो. आमच्या कंपनीतील पखवाजवादक सदुसष्ट वर्षांचे आहेत. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून जे मानधन मिळते ते २०२४ पासून सर्वांना सरसकट दरमहा ५००० रुपये झाले, म्हणून मीच त्यांना अर्ज भरावयास लावला. अर्जाबरोबर कलेच्या सेवेचे पुरावे मागितले जातात. मंडळाकडे शिफारसपत्र मागितले, तर 'तुमच्या नावाची कात्रणे आणा, मग पाहू' असे सांगण्यात आले. त्यानंतर मी माझ्या घरातील जुने अंक, शाळेचे वाचनालय आणि दोन शेजाऱ्यांचे माळे धुंडाळले. जत्रेच्या बातम्या भरपूर सापडल्या. प्रत्येकीत देवस्थानच्या मानकऱ्यांची नावे आहेत, उपस्थित मान्यवरांची नावे आहेत आणि शेवटी 'रात्री दशावतारी नाटक झाले' एवढे एक वाक्य आहे. राजपार्टीचे, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्याचे, नाव क्वचित असते. दशावतारातले 'लोकराजा' सुधीर कलिंगण २०२२ साली गेले तेव्हा जिल्हाभर हळहळ झाली आणि ती योग्यच होती, कारण त्यांचे नाव लोकांना ठाऊक होते. पण राजाच्या प्रवेशाला ज्याचा हात पखवाजावर पडल्याशिवाय राजा पाऊल टाकू शकत नाही, त्याचे नाव चाळीस वर्षांत मला एकाच कात्रणात सापडले, आणि त्यातही आडनाव चुकलेले होते. त्यामुळे ते कात्रण पुरावा म्हणून चालले नाही.

मार्गदर्शक मंडळाच्या अकरा जणांची नावे, पदे आणि छायाचित्रे आपण एका दिवसात, एकही चूक न करता छापू शकता, हे कालच्या अंकाने दाखविले आहे. तेवढीच काळजी रंगपटातल्या माणसांच्या नावांबाबत घेतली जावी, एवढीच विनंती आहे.

मंडळाला मी ही बातमी येण्याआधीच लेखी कळविले आहे की अकरापैकी निदान चार जागा चालू हंगामात काम करणाऱ्या कलावंतांना द्याव्यात, त्यांतील एक वाद्य वाजविणाऱ्याला द्यावी, आणि महोत्सवाचे वेळापत्रक नाईकांना दाखविल्याशिवाय छापू नये. त्या पत्राला तीन आठवडे झाले, अद्याप पोच आलेली नाही.

आमच्या कंपनीतील चौदाही जणांची नावे, ते कोणती पार्टी करतात किंवा कोणते वाद्य वाजवितात यासह, शुद्ध अक्षरांत लिहून मी या पत्रासोबत जोडली आहेत. गणपती करणाऱ्या त्या मुलाचे नाव पहिले आहे. येत्या जत्रेच्या बातमीत सर्वांना जागा देणे शक्य नसेल तर निदान पखवाजवादकांचे नाव छापावे. मानधन समितीची बैठक होण्याआधी त्यांना आणखी दोन कात्रणे हवी आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व हार्मोनियमवादक
जि. सिंधुदुर्ग