लांब पल्ला आणि खोडदच्या डिश

संपादक साहेब, नमस्कार,

लांब पल्ला म्हटलं की मला ललिता बाबर आठवते, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली आणि दहावी आली, टीव्हीसमोर आम्ही घरातले सगळे उभेच होतो!

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अजून एक लांबचा पल्ला आपल्याच मातीत गाठला गेला तो किती जणांना माहितीये? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, तिथे मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा एकदम क्षीण सिग्नल पकडला, यान पुढे आदळलं ते वेगळं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, पार २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या.

परवा एसटीने नाशिकला जाताना खिडकीतून दिसल्या, टोमॅटोच्या मळ्यामागे, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय हो हे, एवढी मोठी छत्री?" सांगितलं तर नारायणगाव जाईपर्यंत मागे वळून बघत होत्या.

विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, तेव्हा गावोगावच्या शाळांनी पोरांना नक्की न्यावं, आणि तुम्ही पण आधीच्या आठवड्यात ठळक बातमी द्या प्लीज.

– एक वाचक, पुणे