सदोष टॅपेट संच आणि ‘घरी बसवला’ या कारणावरून नाकारलेली हमी यांबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व हमी विभाग

विषय: कॅमशाफ्ट व टॅपेट संचातील दोषामुळे इंजिनाच्या झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याबाबत आणि हमी नाकारण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

माझ्याकडील 1967 सालच्या एमजीबी रोडस्टर या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनासाठी मी आपल्या कंपनीकडून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आठ टॅपेट (कॅमवर टेकून त्याची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग), व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणि बांधणीच्या वेळी लावायची पेस्ट असा एकत्रित संच मागवला होता. नव्याने बांधलेले इंजिन जेमतेम 640 किलोमीटर चालले आणि सहाव्या व्हॉल्व्हचा टॅपेट व त्याखालचा कॅमचा लोब, म्हणजे टॅपेटला उचलणारा उंचवटा, पूर्णपणे झिजून गेला. याबाबत मी पाठवलेल्या पहिल्या तक्रारीला आपल्या विभागाकडून तीन ओळींचे उत्तर आले. संच प्रमाणित कार्यशाळेत न बसवता घरी बसवलेला असल्यामुळे हमी लागू होत नाही, शिवाय तेल चुकीचे वापरले गेले असण्याची किंवा स्प्रिंगा जास्त ताठ असण्याची शक्यता आहे, असे त्यात म्हटले आहे. सुटे भाग तपासायला मागवावेत, निदान छायाचित्रे तरी पाहावीत, असे उत्तर देणाऱ्याला वाटले नाही. म्हणून सर्व बाबी पुन्हा एकदा, तपशीलवार, आपल्यासमोर मांडत आहे.

ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती चालत नव्हती. गंजलेला सांगाडा आणि सुट्या भागांनी भरलेली चार खोकी, एवढेच हाती आले होते. तीन वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस मी तिच्यावर घालवला आहे. या गाडीला वेगळी चासी नाही आणि उघडी असल्यामुळे छपराचा आधारही नाही. तिची बरीचशी ताकद दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये, असते. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून सांगाडा जखडावा लागतो, नाहीतर मध्यभागी तो खाली बसतो आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. मी दोन्ही बाजूंचे बाहेरचे सिल, आतला पडदा आणि खालची पट्टी असे तिन्ही थर बदलले आणि प्रत्येक टप्प्यावर दाराच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. हे स्वतःचे कौतुक म्हणून सांगत नाही. ज्या वहीत या फटींची मापे आहेत त्याच वहीत आपल्या कॅमशाफ्टच्या बांधणीचीही प्रत्येक नोंद आहे, आणि ‘घरी बसवला’ या दोन शब्दांत आपण ती वही न पाहताच बाद केली आहे.

गाडीत बदल करतानाही मी एक पथ्य पाळले होते. जो बदल पुढे कोणालाही उलटवता येईल, किंवा जो इंजिनाच्या आयुष्यासाठी आवश्यक आहे, तेवढाच करायचा. म्हणून दोन्ही एसयू कार्ब्युरेटर आणि लिव्हर-आर्म डँपर मूळचेच ठेवले, शिसेविरहित पेट्रोलसाठी हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या, डिस्ट्रिब्यूटरच्या आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले आणि कॅमशाफ्ट मात्र मूळच्यापेक्षा थोडा जोमदार निवडला. तो निवडताना आपल्याच तांत्रिक विभागाचा सल्ला घेतला होता आणि त्यांनी सुचवलेल्या स्प्रिंगाच घेतल्या होत्या. स्प्रिंगा जास्त ताठ होत्या हे आपले म्हणणे खरे धरले, तर त्या आपल्याच खोक्यातून आल्या आहेत, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते.

आता प्रत्यक्ष बांधणीविषयी. जुना कॅमशाफ्ट काढल्यावर ब्लॉकमधील कॅम बेअरिंग नवी घालून घेतली. आठही टॅपेट आपापल्या बोअरमध्ये कोरडे सोडून पाहिले; प्रत्येक स्वतःच्या वजनाने खाली सरकत होता आणि बोटाने फिरवला असता सहज फिरत होता. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण अशा इंजिनात टॅपेट फक्त वरखाली होत नाही, तो चालता चालता स्वतःभोवती फिरतही असतो, आणि झीज एका जागी साचू नये याची सगळी भिस्त त्या फिरण्यावर असते. त्यानंतर प्रत्येक लोबला व टॅपेटच्या तोंडाला आपण दिलेली पेस्ट लावली आणि डिग्री व्हील (अंश दाखवणारी चकती) लावून कॅमची वेळ आपल्या तक्त्याप्रमाणे जुळवली. स्पार्क प्लग काढून ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत स्टार्टरवर इंजिन फिरवले. पहिल्यांदा सुरू केल्यावर आपल्या सूचनापत्रकाप्रमाणे सलग वीस मिनिटे दर मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांच्या दरम्यान ठेवले आणि एकदाही मंद गतीवर येऊ दिले नाही. कॅमच्या लोबांना मिळणारे तेल मुख्यत्वे फिरत्या क्रँकवरून उडणारे असते आणि मंद गतीवर ते पुरेसे उडत नाही, हे मला ठाऊक आहे. वीस मिनिटांनंतर तेल व फिल्टर दोन्ही बदलले.

तेलाच्या आक्षेपाबद्दल सांगायचे तर, मी वापरलेले तेल 20डब्ल्यू-50 दर्जाचे खनिज तेल होते आणि त्यातील फॉस्फरसचे प्रमाण उत्पादकाच्या पत्रकानुसार 0.12 टक्के होते. आजच्या गाड्यांसाठीच्या हलक्या तेलांत, एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून, जस्त व फॉस्फरसयुक्त झीजरोधक घटक कमी ठेवतात आणि जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांना ते पुरत नाहीत, हे मला माहीत होते, म्हणूनच हे तेल शोधून घेतले. त्या तेलाचा न उघडलेला एक डबा आणि इंजिनातून काढलेल्या तेलाचा नमुना, दोन्ही माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. आपण म्हणाल त्या प्रयोगशाळेत ते तपासून घ्यावेत.

साधारण 550 किलोमीटर झाल्यावर इंजिनातून बारीक टकटक ऐकू येऊ लागली. थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट तपासली. या गाडीत ती 0.38 मिलिमीटर ठेवतात आणि तपासताना नऊचा नियम पाळतात, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ यावी लागते: सहाव्या व्हॉल्व्हची फट मोजायची तर तिसरा पूर्ण उघडा असावा लागतो. बाकी सात जागी फट जिथल्या तिथे होती, पण सहाव्या व्हॉल्व्हला ती 0.71 निघाली. स्क्रू फिरवून पुन्हा बरोबर केली. पुढच्या नव्वद किलोमीटरांत ती पुन्हा उघडली आणि तिसऱ्या सिलिंडरचे काम मंदावल्याचे चढावर स्पष्ट जाणवू लागले. तेव्हाच मी गाडी थांबवली. त्यानंतर ते इंजिन मी सुरू केलेले नाही.

सुदैवाने ज्यांनी हे इंजिन आखले त्यांनी मालकाचा विचार केला होता. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, टॅपेटची दोन झाकणे आहेत. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड बाजूला केले की ती उघडता येतात आणि हेड न उतरवता टॅपेट बाहेर काढता येतात. रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांच्या) बैठकीचे चार नट हेडही धरून ठेवतात, त्यामुळे बैठक सोडवायची तर हेडचे सगळे नट क्रमाने सैल करावे लागतात, पण ॲडजस्टर ढिले करून रॉकर बाजूला सरकवले तर पुशरॉड (टॅपेट व रॉकर यांमधले दांडे) तसेच निघतात. मी हीच पद्धत वापरली, म्हणजे हेडला हातही लागला नाही आणि पुढे कोणी तसा आक्षेप घेऊ नये. सात टॅपेट दोन बोटांनी अलगद वर आले. सहावा येईना. त्याच्या खालच्या कडेला झिजलेल्या धातूची धार उभी राहिली होती आणि ती बोअरच्या तळाशी अडकत होती. तो निघाला तेव्हा त्याच्या तोंडावर मध्यभागी वाटीसारखा खड्डा होता, खड्ड्याभोवती टाचणीने टोचल्यासारखी असंख्य छिद्रे होती आणि कडेचा एक तुकडा उडालेला होता. चांगल्या टॅपेटच्या तोंडावर एकाभोवती एक अशी मंद चकाकीची वर्तुळे दिसतात. फिरत राहिल्याची ती खूण असते. सहाव्यावर वर्तुळ एकही नव्हते. त्या धातूचा उरलेला भुगा मला सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशी, तेलात चंदेरी गाळासारखा सापडला.

कॅमशाफ्ट बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजला. सहाव्या लोबची उंची इतरांपेक्षा 2.1 मिलिमीटर कमी आहे. चौथ्या लोबच्या टोकालाही खरवड सुरू झाली आहे. तिथला टॅपेट अजून तग धरून होता, इतकेच.

यानंतर आठही टॅपेट मी धातुपरीक्षण प्रयोगशाळेत कठीणता तपासायला दिले. आपल्या माहितीपत्रकात टॅपेटच्या पृष्ठभागाची कठीणता रॉकवेल सी मापावर किमान 55 असल्याचे छापले आहे. सहा टॅपेट 56 ते 58 च्या दरम्यान भरले. चौथा 46 आणि सहावा 43. कॅमवर जिथे झीज आहे, नेमके तेच दोन टॅपेट मऊ निघाले. एवढेच नव्हे, तर हे दोन टॅपेट इतर सहांच्या शेजारी ठेवून आतून पाहिले तर वेगळेच दिसतात: सहांच्या आत तळाशी गोलाई आहे, या दोघांच्या आत काटकोनी कोपरा आहे. म्हणजे एकाच खोक्यात, एकाच बॅच क्रमांकाखाली, दोन वेगळ्या घडणीचे टॅपेट भरले गेले. बांधणीच्या वेळी हा फरक माझ्याही नजरेतून सुटला, कारण मी त्यांची तोंडे आणि बाहेरचा व्यास तपासला, आतला कोपरा तपासला नाही. तो तपासायला हवा असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. माझे तेल, माझे पाने किंवा माझे गॅरेज यांपैकी कशामुळेही टॅपेटच्या आतल्या कोपऱ्याचा आकार बदलत नाही.

नुकसान कॅमपुरते राहिलेले नाही, ही यातली सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. ऑइल पंप सम्पमधले तेल फक्त जाळीतून ओढतो, म्हणून बारीक भुगा आधी पंपातून जातो आणि मग फिल्टरकडे. थंड, दाट तेलाच्या वेळी फिल्टरचा बायपास उघडला की तो तसाच बेअरिंगपर्यंत पोहोचतो. या इंजिनातील पाचही मुख्य बेअरिंगच्या व बिग-एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या) शेलमध्ये धातूचे कण रुतलेले आहेत, पंपाच्या आत ओरखडे आहेत आणि क्रँकच्या दोन जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांवर) नखाला लागेल अशी रेघ उमटली आहे. ज्या इंजिनाचा प्रत्येक नट मी मोजून आवळला होता, ते आता पुन्हा पूर्ण सुटे होऊन माझ्यासमोर पडले आहे.

राहता राहिला आपला मुख्य मुद्दा, घरी बसवल्याचा. एमजीबीचे उत्पादन 1962 मध्ये सुरू झाले आणि 1980 मध्ये संपले. या गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्या मोठ्या प्रमाणावर घरच्या गॅरेजमध्ये जपल्या गेल्या म्हणून. 1988 मध्ये या गाडीचे संपूर्ण बॉडीशेल मूळ साच्यांवरून पुन्हा बनू लागले, तेही अशा मालकांची मागणी होती म्हणूनच. आपल्या कंपनीलाही हे पक्के माहीत आहे. आपण याच ग्राहकांना डिग्री व्हील विकता, फीलर गेज विकता, ‘प्रथम सुरू करताना’ या शीर्षकाचे सूचनापत्रक खोक्यात घालून पाठवता. संच विकताना तो कोण बसवणार असे आपण मला विचारले नाही. प्रमाणित कार्यशाळेची अट माहितीपत्रकात नाही, पावतीवर नाही आणि सूचनापत्रकातही नाही. ती मी प्रथम वाचली ती तक्रारीच्या उत्तरात. घरी काम करणाऱ्याकडून चूक होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण चूक झाली का, हे भाग पाहून ठरवायचे असते, पत्ता पाहून नव्हे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. कॅमशाफ्ट संचाची पूर्ण रक्कम परत मिळावी. बेअरिंग, ऑइल पंप, गॅस्केट संच आणि क्रँकचे ग्राइंडिंग यांचा खर्च, ज्याचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे, कंपनीने सोसावा. माझ्या श्रमांचे मोल मी मागत नाही. त्या बॅचचे उरलेले टॅपेट विक्रीतून काढून तपासावेत आणि ते ज्या ग्राहकांना गेले आहेत त्यांना लेखी कळवावे, ही मागणी मला भरपाईइतकीच महत्त्वाची वाटते, कारण त्यांतल्या कोणाचे इंजिन कदाचित अजून सुरूही झालेले नसेल आणि ते वाचवता येईल. तसेच कार्यशाळेची अट खरोखर लागू करायची असेल, तर ती विक्रीपूर्वी स्पष्ट छापावी.

सर्व सुटे भाग, मोजमापांची वही आणि तेलाचे नमुने माझ्या ताब्यात सुरक्षित आहेत. आपला तज्ज्ञ प्रतिनिधी येऊन ते पाहू शकतो. चौथा व सहावा टॅपेट मात्र लेखी पोच मिळाल्याशिवाय मी हातचा सोडणार नाही. पावतीची प्रत, प्रयोगशाळेचा अहवाल, छायाचित्रे आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक या पत्रासोबत जोडले आहे. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तसे न झाल्यास मला ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागावी लागेल.

इंजिनाचा ब्लॉक स्वच्छ करून, तेल लावून, झाकून ठेवला आहे. आपल्या उत्तरापर्यंत मी त्यावर पुढचे काम सुरू करणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)