विंडोज ११ टाका, पण दहा दिवसांचा हिशेब ठेवून

महोदय,

‘विंडोज १० बंद झालं, आता कॉम्प्युटर बदला’ हे वाक्य सध्या सोलापुरात नवी पेठेपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत कुठंही ऐकू येतं. त्यात निम्मं खरं आहे आणि निम्मी दुकानदारी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबवली, एवढंच खरं. यंत्र आदल्या दिवशी चालत होतं तसंच दुसऱ्या दिवशीही चाललं. थांबलं ते नवी भोकं बुजवण्याचं काम. ज्या संगणकावर जीएसटीचे पासवर्ड, डिजिटल सहीचं टोकन आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्याला मात्र हे थांबणं महागात पडू शकतं. म्हणून अपग्रेड करावंच, पण घाबरून नको आणि महिनाअखेरीला तर नकोच.

घाई नाही याचं कारण सांगतो. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते. ती घरगुती वापराच्या यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हवर चालू ठेवला की पैसे पडत नाहीत. हे दोन मिनिटांचं काम करून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर ते कशाचे आहेत एवढं विचारावं.

आता यंत्र विंडोज ११ ला चालेल का, हा प्रश्न. इथं इंटेलच्या प्रोसेसरबद्दल ‘आय-५ म्हणजे पाचवी पिढी’ हा गैरसमज घट्ट बसला आहे. पिढी ओळखायची ती पुढच्या आकड्यावरून. आय-५ ७४०० सातव्या पिढीचा, आय-५ ८४०० आठव्या पिढीचा, आय-५ १०४०० दहाव्या. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा साधारण रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर अधिकृत यादीत बसतो. कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाला दिवसभर गोल फिरणारं चक्र दाखवणं. खर्च करायचाच असेल तर आधी २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) आणि रॅमची एक कांडी घ्या. नवा संगणक नंतर बघू.

पुष्कळ यंत्रं ‘टीपीएम नाही’, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय नाही, म्हणून नापास होतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत टीपीएम असतं, फक्त बंद असतं. विंडोज आणि आर दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. आवृत्ती २.० दिसली तर प्रश्न मिटला. नाही दिसली तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ नावाची कळ शोधून चालू करा. ती हलवण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा, कारण चालू असेल तर पुढच्या वेळी यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागेल.

खरी गोची याच्या पुढे आहे. दुकानात जोडून घेतलेल्या जुन्या यंत्रांत विंडोज अनेकदा ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीनं टाकलेलं असतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत हे दिसतं. विंडोज ११ ला यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत आणि सिक्युअर बूटची (खात्रीचंच विंडोज सुरू होऊ देण्याची) सोय लागते. अशा वेळी नवशिके थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद करतात आणि यंत्र ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून काळ्या पडद्यावर थांबतं. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की विंडोज परत येतं. बरोबर क्रम उलटा आहे: आधी विंडोजमधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनानं डिस्क तपासायची, मग जीपीटी या नव्या मांडणीत बदलायची आणि शेवटी बायोस यूईएफआयवर न्यायचा. हे साधन जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य खण) चालवून घेतं, पण एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात आणखी खण असलेलं) दिसलं की नकार देतं. आणि आपल्याकडे सी, डी, ई अशी तीन खणांची डिस्क करून देताना डी आणि ई बहुधा एक्स्टेंडेडमध्येच टाकलेले असतात. त्यावर भरवशाचा मार्ग एकच. डी आणि ई मधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, ते खण आणि एक्स्टेंडेड पार्टिशनही काढून टाका आणि मग रूपांतर करा. डेटा तसाच ठेवून झटपट करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात हिशेबाची डिस्क देऊ नये.

बॅकअपबद्दल सोलापूरकरांना वेगळं शिकवायला नको. नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातली घागर, बादली, पिंप काही रिकामं राहत नाही. बॅकअप तसाच घ्यायचा: एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या यंत्रावर किंवा क्लाउडवर. टॅलीचा डेटा नेमका कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतच बघून घ्या. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची प्रत काढून समाधान मानणारे कमी नाहीत. सी ड्राइव्ह पुसून स्वच्छ विंडोज टाकणार असाल तर टॅलीचा परवाना आधी सरेंडर (परत जमा) करा, नाहीतर नव्या विंडोजवर तो चालू करताना अडवणूक होईल.

एक तपासणी सहसा कुणी करत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम टाइप’ ३२ बिट दिसत असेल तर जागच्या जागी अपग्रेड होणारच नाही, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं. शिवाय ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचं सॉफ्टवेअर चालतं, ३२ बिटचा ड्रायव्हर (प्रिंटर, डोंगल अशी जोडलेली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही आणि १६ बिटचं तर सॉफ्टवेअरही चालत नाही. डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये केलेली सुताच्या हिशेबाची किंवा पगाराची प्रणाली अजून वापरात असेल तर ती इथं अडकते. चादरीच्या नक्षीचं जुनं जॅकार्ड सॉफ्टवेअर परवान्याची किल्ली असलेल्या डोंगलवर चालतं, त्याच्या ड्रायव्हरची गतही तीच. माझं मत विचाराल तर अशा यंत्राला विंडोज ११ ची गरजच नाही. त्याची इंटरनेटची वायर काढा, डिझाइन पेनड्राइव्हनं न्या आणि तो पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर तपासा.

अपग्रेडच्या दिवशीचं सांगायचं तर सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी ठेवा. प्रिंटर, टोकन, डोंगल, कार्डरीडर सगळं काढून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा. कारखान्याच्या ऑफिसातलं यंत्र असेल तर कॅबिनेट उघडून पंख्यावरची कापसाची धूळ ब्रशनं काढा. मागाच्या शेजारच्या यंत्रात ती नमद्यासारखी बसते. अपडेट चालू असताना प्रोसेसर तासभर पूर्ण जोरानं चालतो आणि मे महिन्यात अशी यंत्रं तापून अर्ध्यावर बंद पडतात. यूपीएसचा प्लग आधीच एकदा ओढून बघा. बॅटरी दोन मिनिटांत मान टाकत असेल तर ती असून नसल्यासारखी. एसएसडीवर एक ते दीड तास, हार्डडिस्कवर तीन-चार तास धरा. टक्केवारी एका आकड्यावर वीस मिनिटं थांबली म्हणून बटण दाबायचं नाही. समोरचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

विंडोजची पूर्ण आयएसओ फाइल उतरवून अपग्रेड करणाऱ्यांना एक फसवी अडचण येते. ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्यायच मंद दिसतो आणि निवडता येत नाही. कारण बहुतेक वेळा भाषेत असतं. आधीचं विंडोज अमेरिकन इंग्रजीत आणि उतरवलेली फाइल ‘इंग्लिश इंटरनॅशनल’, किंवा त्याच्या उलट. दोन्ही एकच इंग्रजी वाटतात, सेटअपला वाटत नाहीत. जुळणारी फाइल घेतली की पर्याय उघडतो. आणि सेटअप शेवटाला जाऊन मागे फिरला, त्रुटीचा आकडा ‘सी१९००१०१’ नं सुरू होत असेल, तर दोष जवळपास नेहमी ड्रायव्हरचा असतो. जुना अँटिव्हायरस काढा, ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवे टाका आणि पुन्हा करा.

आता मुद्द्याचं. अपग्रेड झाल्यावर परत विंडोज १० वर जायला दहाच दिवस मिळतात. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथं ‘गो बॅक’. दहा दिवसांनी जुन्या विंडोजचा फोल्डर आपोआप पुसला जातो. जागा हवी म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण केली तर त्याच दिवशी. कमांड प्रॉम्प्टमधल्या ‘डिसम’ या आज्ञेनं मुदत ६० दिवसांपर्यंत वाढते, पण तीही पहिल्या दहा दिवसांतच वाढवावी लागते. पहिले दोन दिवस मत बनवू नका. मागे फाइलींची यादी बनत असते, अपडेट उतरत असतात, यंत्र जड वाटणारच. तिसऱ्या दिवसापासून आपलं रोजचं काम एकेक करून बघा.

बिल छापून बघा. सव्वीस-अठ्ठावीस पानी अहवाल नव्हे, रोजचं अर्ध्या पानाचं बिल, डॉट मॅट्रिक्सवर. नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये आपण बनवलेलं कागदाचं माप राहत नाही आणि दुसरं बिल दोन इंच खाली सरकून छापतं. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये नवा फॉर्म बनवून लांबी-रुंदी टाकली की ते जागेवर येतं. जुन्या प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हर मिळत नसेल तर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’वर निदान अक्षरं तरी छापतात. डिजिटल सहीचं टोकन लावून एक खरी सही करून बघा. सेवा केंद्र असेल तर अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ठसा संकेतस्थळाकडे पोचवणारं सॉफ्टवेअर) चालू होते का बघा. ती संगणकातल्याच १११०० ते १११२० या पोर्टवर बोलते आणि फायरवॉलनं अडवलं की यंत्राचा दिवा लागूनही संकेतस्थळ ‘डिव्हाइस नाही’ म्हणतं. दुसऱ्या यंत्रावरचा सामाईक फोल्डर उघडत नसेल तर विंडोज ११ प्रोच्या २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातली आवृत्ती) पासून पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून आत जाणं बंद आहे. त्या यंत्रावर पासवर्डसह खातं बनवा. नियम शिथिल करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

मराठीचंही बघून घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर दिसतो, कारण तो फाँट आहे. टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर मात्र अडू शकतं. स्वच्छ विंडोज टाकल्यावर मंगल फाँट गायब झाल्याची ओरड होते. तो वेगळ्या पुरवणीत असतो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरी सप्लिमेंटल फाँट घेतले की येतो. मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्टबरोबर फोनेटिक कीबोर्डही मिळतो, तो वेगळा विकत घ्यायचं कारण नाही.

हे सगळं करून सुधारणा किती? दिसणारी थोडी. एक्स्प्लोररमधले टॅब उपयोगी आहेत, आरएआर फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय उघडते, विंडोज आणि झेड दाबून टॅली व एक्सेल शेजारी बसवता येतं. उलट माउसची उजवी कळ दाबल्यावरचा अर्धा मेन्यू चिडवतो, शिफ्ट धरून दाबली तर पूर्ण येतो. टास्कबारवरच्या खिडक्या वेगवेगळ्या दाखवण्याची साधी सोय काढून घेतली आणि २०२३ मध्ये परत दिली, तिला सुधारणा म्हणायला जीभ वळत नाही. वर्डपॅड गेलं. न दिसणारी सुधारणा मोठी आहे. टीपीएम, सिक्युअर बूट आणि मेमरी इंटिग्रिटी (संशयास्पद ड्रायव्हर अडवणारी सोय) यांमुळे विंडोज सुरू होण्याआधी घुसणाऱ्या किंवा ड्रायव्हरच्या आडून शिरणाऱ्या व्हायरसला जागा कमी उरते. मेमरी इंटिग्रिटी चालू होत नसेल तर तिथंच अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव दिसतं. तो बदलून घ्यावा. वेगाचं म्हणाल तर चांगल्या यंत्रावर फरक पडत नाही आणि कमकुवत यंत्रावर पडतो तो वाईट.

सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर अटी चुकवून विंडोज ११ टाकून देण्याचा धंदा जोरात आहे. तसं टाकता येतं, पण अशा यंत्राला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरमध्ये नाही. पैसे घेणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं.

याहून गंभीर बाब खात्याची. विंडोज ११ होम नव्यानं टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. घाईत दुकानदार स्वतःचंच खातं टाकून यंत्र हातात देतो. २४एच२ पासून अशा वेळी डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते आणि तिची ४८ अंकी की दुकानदाराच्या खात्यात जाऊन बसते. पुढं बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला की तुमचा डेटा उघडायला त्याच्याकडे जायचं. तो दुकान बदलून गेला असेल तर? तेव्हा बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कुठली आवृत्ती टाकली, कुणाच्या खात्यानं टाकली, आणि रिकव्हरी की कागदावर छापून दिली का. ती की त्याच संगणकात वर्डच्या फाइलीत जपून ठेवू नये.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, सोलापूर