तीन गॅस्केटं जळाली, फ्लँज मात्र कुणी तपासायला तयार नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हेडरमधून होणारी एक्झॉस्ट गळती आणि नाकारलेली वॉरंटी

आज दुपारी मी बोलत असतानाच तुमच्या प्रतिनिधीने फोन ठेवला. म्हणून हे लेखी.

मूळ मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) काढून त्याजागी तुमचा चार सिलेंडरचा स्टेनलेस स्टील हेडर बसवल्यापासून तीन गॅस्केटं गेली. गॅस्केट म्हणजे हेडरचा फ्लँज (इंजिनला बोल्टने जोडायची जाड प्लेट) आणि इंजिन यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर. पहिलं किटमधलं, दुसरं तुम्ही पाठवलेलं, तिसरं मी स्वतः आणलेलं मल्टीलेअर स्टीलचं. तिन्ही एकाच जागी जळाली, तिसऱ्या पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडणाऱ्या तोंडाच्या, खालच्या कडेला. दोष गॅस्केटचा असता तर जागा बदलली असती.

थंड इंजिन सुरू केलं की टक्-टक् आवाज येतो, तापल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटते आणि आवाज दबतो. तुमच्या माणसाने याला टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज ठरवून दोन आठवडे घालवले. टॅपेट तपासून घेतले, बरोबर निघाले. मग हेडर उतरवला. पोर्टपासून बाहेरपर्यंत काजळीचा पट्टा ओढलेला होता. फ्लँजवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवली तर मधोमध 0.40 मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायचं पातं) आरपार गेलं. सिलेंडर हेडवर तीच पट्टी ठेवली, तिथे 0.05 चं पातंही शिरत नाही. वाकलाय तो तुमचा फ्लँज. वेल्डिंग करताना जिगला (भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीला) घट्ट बांधला नाही आणि नंतर पृष्ठभाग सपाट करून घेतला नाही, की स्टेनलेस असाच वाकतो. हे तुमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत असणार.

आता आजचा फोन. हे सगळं सांगून झाल्यावर प्रतिनिधीने विचारलं, "सर, गाडी मॉडिफाइड आहे का?"
मी म्हटलं, "हो. तुमचा हेडर लावलाय."
"मग मॉडिफाइड गाडीला वॉरंटी लागत नाही."
मी म्हटलं, "अहो, मॉडिफिकेशन म्हणजे तुमचाच हेडर. बाकी इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे."
"सर, सिस्टिममध्ये तसंच लिहिलंय."
मी विचारलं, "मूळ मॅनिफोल्ड काढल्याशिवाय तुमचा हेडर बसतो का?" त्यावर तो गप्प. मग म्हणाला, "नट नीट आवळले नसतील. थोडं सिलिकॉन लावून बघा." आणि फोन बंद.

नट मी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. इंजिन तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासले. तुमच्या कागदावर तर टॉर्कचा आकडाच नाही, नुसतं 'घट्ट आवळा' एवढंच छापलंय. आणि सिलिकॉन! चांगलं लाल सिलिकॉनही साधारण 300-350 अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. इंजिनवर भार आला की पोर्टमधला वायू 700 च्या वर जातो. एक्झॉस्टचे पार्ट विकणाऱ्या कंपनीने ग्राहकाला हा सल्ला द्यावा, याची मला लाज वाटली.

आवाजाचा त्रास मी सोसला असता. पण गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी आहे. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये दाब क्षणभर उतरतो, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवत राहतो. गाडी उभी असताना, आयडलला, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) +18 टक्के दाखवतोय. त्याहून वाईट म्हणजे बॉनेटखाली साचलेला धूर ब्लोअरमधून केबिनमध्ये येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवर माझी मुलगी बसते. गाडी आता उभी आहे.

आणि तरी उत्तर एकच, गाडी मॉडिफाइड आहे. मग हा हेडर तुम्ही विकता कुणासाठी?

याआधीच्या गाडीलाही मी तुमचाच हेडर लावला होता. तो वर्षानुवर्षं एका गॅस्केटवर चालला. त्याच भरवशावर हा घेतला, आणि तो भरवसा तुम्ही एका फोनमध्ये घालवलात.

मला वेल्डिंगनंतर सपाट केलेल्या फ्लँजचा नवा हेडर हवा, पाठवण्यापूर्वी मोजलेल्या सपाटपणाच्या आकड्यासह. नाहीतर पूर्ण पैसे परत. पंधरा दिवसांत यातलं काही झालं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. तिन्ही जळकी गॅस्केटं, फीलर गेज आत गेलेला फोटो आणि ट्रिमचे आकडे जपून ठेवले आहेत. फोन करू नका. उत्तर लेखी द्या, आणि ज्याने फ्लँज हातात घेऊन पाहिलाय अशा माणसाच्या सहीने द्या.

आपला ग्राहक