स्मरणचित्रातली गुलाबी माणसं

मा. संपादक,
स. न.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रात, आपल्याकडची माणसं अजूनही गुलाबी निघतात. कारण तयार ‘स्किन’ रंगाची बाटली. कापूस वेचणारी बाई त्या रंगात प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखी दिसते.

पोस्टर कलरमध्ये दोन भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक भाग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अगदी थोडा पांढरा घ्यावा. उन्हात रापलेल्या अंगासाठी सिएना वाढवावा. पांढरा जास्त झाला की कांती खडू फासल्यासारखी भुरकट होते. सावलीला काळा तर नकोच. ऑकरमध्ये काळा मिसळला की हिरवट झाक येते आणि चेहरा आजारी वाटतो. त्याऐवजी मूळ मिश्रणात आणखी सिएना आणि ब्रशच्या टोकावर मावेल इतकाच अल्ट्रामरीन निळा घालावा. कान, नाकाचा शेंडा, बोटांची पेरं इथे लाल किंचित वाढवावा. हनुवटीखाली मात्र पांढऱ्या सदऱ्याचा उजेड परत वर येतो, तो भाग सपाट गडद करू नये.

पोस्टर कलर वाळल्यावर गडद छटा फिकी पडते, म्हणून आधी चिठोऱ्यावर वाळवून पाहावी. ओल्या ब्रशने घासत बसलं की खालचा थर उचलतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, ठिपक्यांनी छटा चढवण्याची ‘बिंदुज’ रीत सांगितली आहे. जवळजवळ कोरड्या ब्रशने ती इथे छान साधते.

शाळांची सहल अजिंठ्याला जातेच. १ नंबरच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर सेल्फीऐवजी दहा मिनिटं त्याच्या नाकावरचा उजेड न्याहाळू द्यावा.

– एक कलाशिक्षक, परभणी