रॅपमध्ये सोलापूर कुठं ऐकू येतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरातल्या एका नवोदित, स्वतंत्र रॅपरची मुलाखत आपल्या पुरवणीत वाचली. प्रभाव कुणाचा, या प्रश्नावर त्यानं रॅप जिथं जन्मला ते न्यूयॉर्कचं ब्रॉंक्स, मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी, पुण्याचा एमसी स्टॅन अशी नावं घेतली. पुढं काय करायचंय, तर ‘सोलापूरचा आवाज जगाला ऐकवायचाय’. उत्तरं मनापासूनची आहेत. पण सोलापूरचा आवाज म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलंच नाही. आम्ही दोघे शाहिरी आणि ध्वनिमुद्रण या कामांतले, म्हणून हा पत्रप्रपंच.

चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वर हे तीन शब्द ओळीत घातले की गाणं सोलापूरचं झालं, असा एक समज आहे. तेवढ्यानं दुकानाची पाटी तयार होते. खरी सुरुवात उच्चारापासून करावी लागते.

नव्वदच्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला नव्वद ठेके असताना, एक बार (रॅपची साधारण एक ओळ) जवळपास पावणेतीन सेकंदांचा, म्हणजे सोळा बार त्रेचाळीस सेकंदांत संपतात. एका बारमध्ये चार ठेके आणि प्रत्येक ठेक्याचे चार भाग, अशा सोळा जागा. मराठीत त्यातल्या दहा-बारा भरल्या की शब्द कळतात आणि श्वासही मिळतो. सोळाच्या सोळा भरल्या तर जोडाक्षरं चावली जातात. आमची वेग घ्यायची हौस इथंच उघडी पडते. मोजताना लिहिलेली अक्षरं मोजू नयेत, तोंडातून निघणारी मोजावीत. ‘सोलापूर’ कागदावर चार अक्षरांचं, बोलताना तीनच. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी बावीस अक्षरं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक असतं, आणि गाताना शेवटचा ‘अ’सुद्धा पूर्ण म्हटला जातो. तो साचा तसाच उचलून बोली भाषेत म्हणायला गेलं की ओळ ठेक्याआधी संपते आणि मग मुलं उरलेल्या जागेत ‘यो’ भरतात. यमक मधेच, तिसऱ्या चरणात मिटवून चौथा चरण मोकळा सोडायची युक्ती मात्र जरूर घ्यावी. रॅपमध्ये ती फार शोभते.

यमकाचं दुखणं वेगळं आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळं गेला-केला-झाला फुकटात जुळतं आणि चार ओळींत कान कंटाळतो. यावर उपाय म्हणजे क्रियापद आधी घ्यायचं आणि ओळ नामावर किंवा आज्ञेवर संपवायची. ‘होटगी रोड’ला ‘नोकरी सोड’ लावून बघा. तीनही स्वर ओ-ई-ओ असे तंतोतंत बसतात आणि अर्थालाही धार येते. ‘अक्कलकोट’ आणि ‘चप्पल, कोट’ हीसुद्धा तशीच जोडी. गावाची नावं शोभेला न वापरता यमकाला वापरली की ती ओळ दुसऱ्या शहरातल्या कुणाला लिहिता येत नाही. ‘काय बे’मधला ‘बे’ तर इथल्या रॅपरला मिळालेलं आयतं वाद्य आहे. तो पहिल्या ठेक्यावर आदळला की भांडण वाटतं, चौथ्या ठेक्याच्या किंचित मागं ठेवला की गंमत येते. पूर्व भागातली तेलुगू, अक्कलकोटकडची कन्नड, दखनी आणि मराठी एकाच रिक्षात ऐकू येतात. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटात वेगवेगळ्या भाषांचे रॅपर एकत्र आले, आपल्याकडं एकाच माणसाच्या तोंडी तीन भाषा असतात. मात्र मित्राकडून विचारून घेतलेला कन्नड शब्द लगेच ओळखू येतो. रोज तोंडात असेल तोच वापरावा.

प्रभाव शोधायला ब्रॉंक्सपर्यंत जाऊच नये असं नाही. पण रामजोशी याच सोलापूरचे. पंडिताचं घर सोडून तमाशाच्या फडात गेलेला आणि अनुप्रासाची झोड उठवणारा हा लावणीकार पेशवाईतला. शाहीर अमरशेख १९१६ साली बार्शीत जन्मले. त्यांच्यासारख्यांकडून शिकायचं ते श्वासाचं गणित. शाहीर ओळीचा शेवट लांबवतो, मागं साथ करणारा झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतो आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. रॅपमधल्या मागच्या आवाजांचं कामही हेच. घरी एकेक ओळ तोडून रेकॉर्ड करणारा मुलगा मंचावर आठव्या बारला धापा टाकतो, कारण त्यानं दमासाठी जागाच ठेवलेली नसते. रेकॉर्डिंगच्या आधी सोळा बार उभ्यानं, न थांबता म्हणून बघावेत. जिथं अडखळेल तिथला शब्द बदलावा, दम वाढवत बसू नये.

हलगी घ्यायची तर तिचे नखरे सांभाळावे लागतात. शेकली की कातडं ताणतं आणि स्वर चढतो, गार होताना तो उतरत जातो. पाच मिनिटं सलग वाजवून घेतलं की सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा जुळत नाही. तीस-चाळीस सेकंद घ्यावं, पुन्हा शेकावं. माईक दोन-तीन हात लांब ठेवावा, नाहीतर आवाज फाटतो. हलगीची धार आणि शब्दांतली स्पष्टता दोन्ही तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतात, तेव्हा तिथं हलगी दोन-तीन डेसिबलनं खाली घ्यावी. खर्ज तिच्यात नाहीच, तो खालच्या बेसमधून येतो. यंत्रमागाचा खडखडाट वापरायची कल्पनाही चांगली. पण माग घड्याळासारखा चालत नाही. पट्टा सरकतो, धोटा अडकतो. त्यातले दोन-चार ठोके कापून ते ठेक्यावर बसवावेत, अख्खा माग ठेक्यावर ओढत नेऊ नये.

घरच्या खोलीत भिंतीला चिकटवून टांगलेली चादर घुमारा शोषत नाही, फक्त भिंत झाकते. ती तीन पदरी करून भिंतीपासून वीतभर पुढं टांगावी, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागं गादी उभी करावी. पंखा बंद, माईक तोंडापासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका, कारण भ, फ, ध यांचा वारा सरळ माईकवर आदळतो. सर्वांत मोठ्या आवाजाची ओळ रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. एप्रिल-मेमध्ये हे सगळं पहाटेच उरकावं.

इंटरनेटवर ‘फ्री’ लिहिलेली बीट, म्हणजे रॅपखालचं तयार संगीत, बहुतेकदा कमाई होणार नसेल तरच फ्री असते. गाणं चाललं की दावा येतो आणि उत्पन्न दुसऱ्याकडं वळतं, म्हणून आधी लेखी परवाना घ्यावा. कुणा कंपनीशी करार करताना एवढं लक्षात असू द्यावं: कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला सहजासहजी स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. स्पॉटिफायवर मात्र एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय मोबदल्याची गणतीच सुरू होत नाही.

आपल्याकडं एक विनंती. पुढच्या मुलाखतीत रॅपरचा फोटो थोडा लहान करून त्याच्या आठ ओळी छापाव्यात.

आपले,
दोन वाचक, सोलापूर